सरदाराच्या कर्जापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कादंबरीत घाटमाथ्यावरचं एक राज्य आहे. तिथे पाऊस आपोआप पडत नाही, मेघसाधक नावाचे मांत्रिक तो अडवतात आणि सोडतात. गादीवर वयाने लहान असलेला राजा आहे आणि त्याचा मामा, सरदार वीरधवल, कारभार बघतो. वीरधवल लाचखाऊ आहे आणि त्याला स्वतःला गादीवर बसायचंय. तुम्ही पहिली १२ प्रकरणं चार जणांना वाचायला दिलीत आणि चौघांनीही एकच तक्रार केली: हा माणूस खोटा वाटतो. काळा शेला, गडगडाटी हसू, नोकराला उगाच चाबूक. आता त्याला खरा कसा करायचा?

मी फँटसी हस्तलिखितांचं संपादन करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून टेबलावरचे रोल-प्लेइंग गेम चालवतो, त्यामुळे असले सरदार माझ्या हाताखालून पुष्कळ गेलेत. बहुतेक लेखक अशा वेळी पात्राच्या स्वभावाकडे वळतात. लहानपणी आई वारली, बापाने हिणवलं, म्हणून तो असा झाला वगैरे. त्याने फारसं काही साधत नाही. वीरधवलला वर्षाला किती पैसा लागतो, कशाला लागतो आणि तो कुणाकुणाच्या हातून फिरून त्याच्यापर्यंत पोचतो, याची उत्तरं तुमच्या हस्तलिखितात कुठेच नाहीत. तिथून सुरुवात करा.

सहाव्या प्रकरणात तुम्ही त्याच्या तळघरात मोहरांची रास दाखवली आहे. ती आधी काढून टाका. नुसत्या लोभी माणसाकडे रास साठते, महत्त्वाकांक्षी माणसाकडे साठत नाही. गादी हवी म्हटलं की फौज पोसावी लागते, दरबारातली माणसं आपलीशी करावी लागतात, सोयरिकी जुळवाव्या लागतात, देवस्थानांना वर्षासनं द्यावी लागतात, आणि हे सगळं गादी मिळायच्या आधी. म्हणजे उधारीवर. तळघरात मोहरांऐवजी सावकारांची कर्जखतं असू द्या. मग तो रात्री जागा का असतो हे वाचकाला सांगावं लागणार नाही.

याचं एक उदाहरण आपल्या घरातलंच आहे. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशव्यांच्या गादीवर आला तो दौलतराव शिंद्यांच्या जोरावर, आणि त्या बदल्यात त्याने शिंद्यांना २ कोटी रुपये कबूल केले होते. तिजोरीत खडखडाट. वर्षभराने, ३१ डिसेंबर १७९७ ला, शिंद्यांच्या माणसांनी नाना फडणीसांना कैद केलं, पण म्हणून पैसे उभे राहिले नाहीत. शिंद्यांची फौज पुण्याभोवती पडून होती आणि तिचा पगार थकत होता. मग तोड निघाली ती अशी की रक्कम पुण्याच्या धनिकांकडूनच वसूल करावी. काम सोपवलं कागलच्या सखाराम उर्फ सर्जेराव घाटग्यांवर. १७९८ मध्ये त्याने सावकारांना, नानांच्या पक्षातल्या लोकांना धरून आणून मारहाण करून पैसे काढले. नानांच्या नात्यातल्या एकाला तापलेल्या तोफेला बांधलं आणि तो त्यात मेला, अशी नोंद मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने केली आहे. याच साली घाटग्यांच्या मुलीचं, बायजाबाईंचं, दौलतरावांशी लग्न झालं.

आता यातला खलनायक कोण ते सांगा. बाजीरावाला शब्द पाळायचाय आणि जवळ पैसा नाही. शिंद्यांच्या दारात पगारासाठी शिपाई उभे आहेत. घाटग्याला शिंद्यांचा सासराही व्हायचंय आणि दिवाणही. तिघांपैकी प्रत्येकाला वाटतंय की आपला नाइलाज आहे, आणि मार खातोय चौथाच. तुमच्या वीरधवलला अशा साखळीत बसवा. त्याच्या वरही कुणी तरी आहे, खालीही आहे, आणि दोघांनाही तो घाबरतो. त्या काळात पगार थकलेले शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरत, त्याला जेवू-खाऊ देत नसत, बाहेर पडू देत नसत. हा प्रसंग कुठल्याही फँटसीत सोन्यासारखा बसतो. ज्याच्या नुसत्या नावाने गावं कापतात तो माणूस स्वतःच्याच पहारेकऱ्यांनी अडवल्यामुळे दुपारपर्यंत उपाशी बसलाय, असं एक पान लिहून बघा. चाबकाची सगळी पानं तुम्ही आपणहून काढाल.

पुढचा मुद्दा यंत्रणेचा. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण फँटसी लेखक सगळ्यात जास्त कमी पडतात ते इथे. सरदार भ्रष्ट आहे म्हणजे नेमकं काय घडतं? तुमच्या प्रकरणांत 'त्याने जनतेला लुटलं' हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत सात-आठ वेळा येतं. लुटलं कसं ते एकदाही येत नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला, तो १८२१ मध्ये छापला गेला. जिंकणाऱ्याने हरलेल्याबद्दल लिहिलेलं असल्यामुळे तो जपूनच वाचायला हवा, पण यंत्रणेचं वर्णन अफाट आहे. पूर्वी मामलतदारी अनुभवी माणसाला मिळायची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती त्याच्या हुजऱ्या-खिदमतगारांमध्ये लिलावाला निघाली. जास्त बोली लावा म्हणून त्यांना भरीला घातलं जाई, आणि जो मागे सरे त्याच्यावर इतराजी होई. बोली जिंकणारा स्वतः गावात जातच नसे. तो आपला नफा धरून मक्ता खालच्याला विके, तो त्याच्या खालच्याला, असं करत करत पाटलापर्यंत. पाटलाने ठरलेल्या रकमेला गाव घेतलं तर तो गावाचा धनी, त्याच्याविरुद्ध कुणी दाद घेत नाही. नाही घेतलं तर मामलतदाराचीच माणसं वसुलीला येणार, आणि त्यांना ना गावाची माहिती ना माया. म्हणजे पाटलाने लुटावं की परक्याला लुटू द्यावं, एवढाच प्रश्न उरतो. पाटील बरा माणूस असेल तर त्याची अवस्था काय होत असेल याचा विचार करा. तुमच्या कादंबरीतलं सगळ्यात जिवंत पात्र तिथे बसलंय आणि तुम्ही त्याला अजून नावही दिलेलं नाही.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. मुलखाच्या जमाखर्चात 'दरबारखर्च' किंवा 'अंतस्थ' नावाची बाब असे. वरच्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायचे पैसे त्यात धरलेले. हळूहळू ही लाच ठरीव झाली, इतकी की तिचाही हिशेब रीतसर तपासला जाऊ लागला. मग खरी लाच द्यायला पैसे कुठून आणायचे? त्यासाठी रयतेवर आणखी एक वाढीव वसुली बसवली. लाचेला रीतीचं रूप आलं की तिच्या पोटी नवी लाच जन्माला येते, हे इतकं विनोदी आणि इतकं भयंकर आहे की कल्पनेने सुचणार नाही. ते तुमच्या राज्यात जसंच्या तसं उचला.

तुमच्याकडे तर पाऊसच आहे! धान्यावरचा कर चुकवता येतो, रानात लपवता येतो. पाऊस लपवता येत नाही. वीरधवलने मेघसाधकांच्या मठांवर हुकमत मिळवली आणि दर वर्षी तालुक्यागणिक 'मेघमक्ता' लिलावात काढला, असं धरा. मक्तेदाराने चार दिवसांच्या पावसाचे पैसे भरले, गावाला तीन दिवसांचा विकला, चौथा दिवस शेजारच्या उसाच्या मळ्याला चढ्या भावाने दिला. साधक मनाने कितीही पवित्र असला तरी त्याच्या मठाचा शिधा मक्तेदाराच्या हातात. इथे जादूसुद्धा भ्रष्ट होते, आणि त्यासाठी कुठल्याही काळ्या विद्येची गरज पडत नाही.

मी याचा एक तुकडा लिहून दाखवतो. वाटल्यास वापरा.

निंबगावचा पाटील दुपारी दफ्तरात आला. धोतराला चिखल नव्हता, चिखल व्हायला पाऊस कुठे होता. कारकुनाने वही काढली.

'निंबगाव. चार दिवस. भरणा झालाय.'

'झालाय. पावती आहे माझ्याकडे.'

'मग?'

'पडला नाही.'

कारकुनाने पावती उजेडाकडे धरली. 'ही मृगाची आहे. मृगाचा मृगातच सुटला असेल की.'

'मृगात नाही सुटला. आर्द्रातही नाही.'

'मग पुनर्वसूत सुटेल. सरदारसाहेबांची स्वारी गडावर यायची आहे, रस्ते कोरडे ठेवायला सांगितलंय.' त्याने वही मिटली नाही. ओळीवर बोट ठेवून बसून राहिला. पाटलाने कनवटीचा रुपया सोडून वहीच्या कडेला ठेवला.

'हा साहेबांचा?'

'छे. साहेबांचा त्या पावतीतच आला. हा आमचा दिवाबत्तीचा.'

या तुकड्यात वीरधवल कुठेच नाही. त्याने आज कुणाचं वाईट चिंतलेलंही नाही, तो फक्त कोरड्या रस्त्याने गडावर येतोय. तरी निंबगावची पेरणी गेली. अशी दोन-तीन पानं आधी येऊन गेली की पुढे तो दरबारात नुसता पान खाताना दिसला तरी वाचकाला त्याचा राग येतो. मुद्दाम क्रूर दाखवायची गरज उरत नाही.

चोरीचे प्रकार कमी पडले तर कौटिल्य उघडा. अर्थशास्त्राच्या अध्यक्षप्रचार अधिकरणात अधिकाऱ्यांच्या अपहाराचे ४० प्रकार सांगितले आहेत: आधी वसूल झालेलं नंतर जमा दाखवणं, नंतर आलेलं आधी दाखवणं, थोडं आलं ते जास्त लिहिणं, जास्त आलं ते थोडं लिहिणं. प्रत्येक ओळीत एक प्रकरण दडलंय. तुमच्या जगात खोटं पकडणारी जादू आहे म्हणता ना, तर हे आणखीच मजेशीर होईल. 'वसूल झालं का?' या प्रश्नाला 'झालं' हे उत्तर खरंच असतं. कधी झालं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

अशी चोरी सुरू करण्याआधी तपासणारी माणसं मात्र वाटेतून दूर करावी लागतात, आणि ते तुमच्याकडे राहूनच गेलंय. मराठी राज्यात मामलतदाराच्या हाताखाली दरकदार असत: दिवाण, मजमुदार, फडणीस, पोतनीस, चिटणीस वगैरे. त्यांची नेमणूक वरून झालेली, मामलतदाराला ती काढता येत नसे, आणि एकाच्या कागदावर दुसऱ्याची निशाणी लागे. तुमच्या वीरधवलसमोरही असे चार-पाच लोक असणारच. एकाला तो मुलीच्या लग्नासाठी कर्ज देईल, एकाचं वतन चौकशीत अडकवेल, एकाला बढती देऊन लांबच्या किल्ल्यावर पाठवेल. एक जण म्हातारा होऊन मरेल आणि त्याची जागा रिकामीच ठेवली जाईल. ही रिकामी ठेवलेली जागा खुनापेक्षा भीतीदायक असते, बघा लिहून. वरच्या न्यायाचंही तेच. इ.स.पूर्व ७३ ते ७१ या काळात सिसिलीवर रोमचा अंमलदार असलेला व्हेरेस म्हणे लोकांना सांगायचा की माझ्या तीन वर्षांची कमाई वाटून ठेवली आहे, एक वर्षाची मला, एक वर्षाची माझ्या वकिलांना आणि पाठीराख्यांना, आणि सगळ्यात भरघोस वर्षाची न्यायाधीशांना. हे त्याच्यावर खटला चालवणाऱ्या सिसेरोने सांगितलं आहे, म्हणजे विरोधी वकिलाचं बोलणं आहे. पण वीरधवलने वर्षांची अशी वाटणी केलेली असायला काय हरकत आहे?

आता महत्त्वाकांक्षा. इथे तुम्ही एक चूक केली आहे, ती म्हणजे वीरधवलला काहीच नीट येत नाही. लढाई हरतो, सल्ला चुकतो, चिडतो. असा माणूस गादीच्या आसपास पोचेल कसा? राघोबादादांकडे बघा. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोर, अटकेपर्यंत गेल्या त्या मोहिमेचा सेनापती हाच माणूस. पराक्रम खरा होता. आणि त्या मोहिमेतून परतला तो खजिन्याऐवजी मोठं कर्ज घेऊन, हेही खरं. १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि गादी मिळाली सोळा वर्षांच्या पुतण्याला, माधवरावांना. अटकेच्या मोहिमेचं सेनापतिपद केलेल्या काकाने पोराला मुजरा करायचा. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी त्याचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. या माणसाला आपल्यावर अन्याय झालाय असं वाटत होतं, आणि अगदीच खोटं होतं असंही म्हणता येत नाही. वीरधवलला असं काही तरी द्या: राज्यावर आलेलं एक खरं संकट त्याने एकट्याने निभावलेलं, आणि त्याचं श्रेय दुसऱ्याला गेलेलं. वाचकाला अधूनमधून वाटलं पाहिजे की बाबा, हाच राजा झाला असता तर बरं झालं असतं.

राघोबांच्याच गोष्टीत पुढे ३० ऑगस्ट १७७३ येतो. चिठ्ठीतल्या अक्षराची कथा सगळ्यांना पाठ आहे, तिच्या खरेपणावर वादही आहेत, ती मी बाजूला ठेवतो. लेखकाच्या कामाची गोष्ट अशी की गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचा तगादा लावत. पुन्हा पगार! आणि माधवरावांनंतर गादीवर आलेला धाकटा पुतण्या नारायणराव मारला गेल्यावर राघोबा मोकळा झाला का? छे. ज्यांनी काम केलं ते आता कबुलीचे पैसे मागायला उभे. रामशास्त्र्यांनी चौकशी करून त्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. कारभारी 'बारभाई' नावाची एकजूट करून उलटले. मग मदतीसाठी इंग्रजांकडे जाणं आलं, आणि ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात वसई-साष्टी देऊ केली. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहाने तनखा घेऊन बाजूला बसणं, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावात मृत्यू. तुमच्या हस्तलिखितात भाच्याचा काटा काढणं हा वीरधवलचा कळस आहे. तो मध्यावर आणा. खरी कथा त्यानंतर सुरू होते, कारण आता प्रत्येक मदतनिसाकडे त्याचं गुपित आहे आणि प्रत्येकाचा भाव वाढलाय. उत्तरेच्या समुद्रापलीकडचं जे साम्राज्य तुम्ही नुसतं नकाशात काढून ठेवलंय, ते इथे उपयोगी पडेल.

धर्माबद्दल थोडं. तुम्ही वीरधवलला नास्तिक केलंय, देवळाची विटंबना करणारा. मला ते पटत नाही. दुसरा बाजीराव वारीला जायचा, ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा वाटायचा, व्रतवैकल्यांत बुडालेला असायचा. गायकवाडांच्या वतीने बोलणी करायला आलेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा जुलै १८१५ मध्ये खून झाला तोही पंढरपुरात, आषाढीच्या दिवसांत, देवदर्शनाहून परतताना, आणि ठपका आला बाजीरावाच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. तेव्हा वीरधवलला भाविक करा. ढोंगी नको, खराच भाविक. त्याला वाटू द्या की देवाचं देणं वेळेवर चुकवल्यामुळे बाकीचं माफ आहे. मेघसाधकांच्या मठाला त्याने दिलेला चांदीचा दिवा बघून गावकऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि त्या दिव्याचे पैसे निंबगावच्या पावसाचे आहेत, हे फक्त त्या कारकुनाला ठाऊक.

बोलण्याची ढबही बदला. असा माणूस 'मारून टाका त्याला!' असं ओरडत नाही. तो चौकशी करतो. 'त्यांची तब्येत बरी नसते म्हणे अलीकडे?' एवढं म्हणून पानाचं तबक पुढे सरकवतो. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. नोकरांशी, घोड्याच्या मोतद्दाराशी, मुलांशी तो प्रेमळ असू दे. चिडू दे फक्त एका जागी, हिशेब मागितला की.

शेवट कसा करावा, हेही विचारलंय. नायकाने तलवारीने मारणं मला सगळ्यात कमी पटतं. असे लोक बहुधा त्यांच्याच साखळीतून पडतात. घाशीराम कोतवालाने पुण्यात वर्षानुवर्षं हवं ते केलं, पण १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर उठलं, आणि वरच्यांनी त्याला लोकांच्या हवाली केलं. लोकांनी दगडांनी ठेचला. सर्जेराव घाटगे १८०९ मध्ये मारला गेला तो शिंद्यांच्याच छावणीत. दोघांच्याही मागे उभं राहणारं कुणी उरलं नाही, एवढंच झालं. तुमच्या कथेत सावकार कर्जाची मुदत वाढवायला नकार देतात, धरण्याला बसलेले शिपाई उठून दुसऱ्याच्या दारात जातात, आणि मेघसाधक एका रात्री सगळ्या तालुक्यांचा अडवलेला पाऊस एकदम सोडतात. तो पूर आला की नायकाला फारसं काही करावं लागणार नाही. त्याला निंबगावच्या पाटलाबरोबर होडीत बसवा.

तूर्त एवढंच करा: सहावं प्रकरण बाजूला ठेवा, आणि कोरा कागद घेऊन वीरधवलचा एका वर्षाचा जमाखर्च लिहा. कुणाकडून किती, कुणाला किती, कुणाचं किती थकलं. हा कागद कादंबरीत घालू नका. तो लिहून झाला की नव्याने लिहिलेलं सहावं प्रकरण पाठवा, मी वाचतो.